युनियनची वही सभासदांची आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कामगार संघटनेच्या हिशेबावरून चाललेल्या वादाची बातमी कालच्या अंकात वाचली. खजिनदार म्हणतात, ‘हिशेब ही संघटनेची अंतर्गत बाब आहे.’ ते वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. ज्याच्या पगारातून वर्गणी कापली जाते तो सभासद बाहेरचा कधीपासून झाला?

मी तेहतीस वर्षं एका कारखान्यात फिटर होतो. कायम झालो त्याच महिन्यात युनियनची पावती फाडली. संपात बिनपगारी राहिलो, गेटसभेला कधी चुकलो नाही. युनियनमुळेच माझी मुलं शिकली. त्यामुळे मालकाच्या बाजूने बोलतोय, असं कोणी म्हणू नये.

नव्वदच्या दशकात आमच्या खात्यातला एक ऑपरेटर, माझा मित्र, पाळी संपवून घरी जाताना अपघातात गेला. मागे बायको आणि दोन लहान मुलं. सभासद वारला तर त्याच्या कुटुंबाला निधीतून मदत करण्याची मुभा १९२६ च्या कामगार संघटना कायद्यात होतीच, आमच्या युनियनच्या नियमांतही ती होती. वहिनींना घेऊन मी युनियन ऑफिसात गेलो. तेव्हाच्या खजिनदारांनी वही न उघडताच सांगितलं, “चार महिन्यांची वर्गणी थकली होती त्याची. नियमात बसत नाही.” वहिनी काही बोलल्या नाहीत. पदर सावरून उठल्या आणि चालू लागल्या.

पुढच्या वर्षी दुसऱ्या युनियनने मान्यतेसाठी, म्हणजे कामगारांच्या वतीने मालकाशी बोलण्याच्या हक्कासाठी, औद्योगिक न्यायालयात अर्ज केला. १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे मान्यतेसाठी आधीच्या सहा महिन्यांत किमान ३० टक्के सभासद असावे लागत, आणि आधीच्या मान्यताप्राप्त युनियनला हटवायचं तर तिच्यापेक्षा जास्त. आमच्या ऑफिसात रात्री उशिरापर्यंत दिवे दिसू लागले. मला शंका आली. हिशेबाची वही आणि सभासदांची यादी पाहण्याचा हक्क १९२६ च्या कायद्याच्या कलम २० ने प्रत्येक सभासदाला दिला होता. मी लेखी अर्ज दिला. तीन वेळा ‘किल्ली नाही’ म्हणून परत पाठवलं. चौथ्यांदा टेबलाशी उभं ठेवूनच वही समोर टाकली.

त्या वहीत माझ्या त्या मित्राचं नाव होतं. त्याला जाऊन वर्ष झालं होतं आणि त्याच्या नावावर मागच्या सहा महिन्यांची वर्गणी जमा होती, पावती क्रमांकासकट. सहाही नोंदी एका शाईत, एका हातच्या. बायकोला मदत द्यायची वेळ आली तेव्हा तो थकबाकीदार होता. मान्यता टिकवायची वेळ आली तेव्हा तोच माणूस नियमित वर्गणी भरत होता. मी विचारलं तर उत्तर मिळालं, “लिहिण्यात चूक झाली असेल.” त्यापुढे कुणी काही केलं नाही. मीही वहिनींना कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. त्या आज हयात नाहीत.

म्हणून ‘अंतर्गत बाब’ हा शब्द मला सहन होत नाही. मान्यताप्राप्त संघटनेची वर्गणी किती असावी, तर १९७१ च्या कायद्यात किमान ५० पैसे महिना. त्या पैशांवर कुठलीच युनियन चालत नाही, हे प्रत्येक कामगार जाणतो. खरी रक्कम येते पगारवाढीचा करार झाल्यावर, फरकाच्या पैशांतून कापलेल्या टक्क्यांतून. त्या टक्क्यांचं पुढे काय झालं, कोर्टकचेरीला किती गेले, गाडीला किती, हे सर्वसाधारण सभेत मराठीत वाचून दाखवायला कसली अडचण आहे? जमाखर्च तपासून घेऊन दरवर्षी निबंधकांकडे पाठवायचा असतो. सरकारी कचेरीत जाणारा कागद सभासदाच्या हाती पडला तर संघटना फुटते, हे म्हणणं मला पटत नाही. लपवण्याने फुटते. १९८२ च्या गिरणी संपात कायद्याने प्रतिनिधित्व एका संघटनेकडे होतं आणि लाखो कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे उभे होते. कागदावरचे सभासद आणि खरे सभासद यांत अंतर पडलं की काय होतं, ते आपल्या राज्याने पाहिलं आहे.

आपल्या वार्ताहरालाही एक सांगणं आहे. बातमीत त्या कारखान्यातल्या दोन्ही युनियनचे सभासदांचे दावे शेजारी शेजारी छापले आहेत. त्यांची बेरीज कायम कामगारांच्या हजेरीपटापेक्षा जास्त होते, आणि हजेरीपटाचा आकडा त्याच बातमीत खाली दिला आहे. बेरीज करून एक प्रश्न तरी विचारायचा होता. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत वाटाघाटीच्या एकमेव हक्कासाठी ५१ टक्के सभासद लागतात. आकडे फुगवण्याचा मोह त्याने वाढणारच आहे.

आणि कंत्राटी मुलांबद्दल कोणीच का बोलत नाही? गेटवर त्यांच्याकडून दर महिन्याला पैसे घेतात, पावती देत नाहीत, सभेत बसू देत नाहीत. माझा पुतण्या त्यांच्यातच आहे. खजिनदारांनी निदान त्याची पावती तरी फाडावी आणि यादीत त्याचं नाव कोणत्या पानावर आहे ते त्याला दाखवावं.

आपला,
एक निवृत्त फिटर