विरी गेलेलं पीठ

शहापूर, बेळगाव
१८ सप्टेंबर

प्रिय परशा,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तुला क्रंबलचं ‘जमलं’ एवढंच सांगितलं, तर तू जो हसत सुटलास, त्यानंतर पुढचं सांगण्यात काही राम नव्हता. म्हणून हे पत्र. आणि ‘जमलं’ हेही पूर्ण खरं नाही. दुसऱ्या खेपेला जमलं.

तुझी वहिनी परड्यात शेवाळावरून घसरली आणि उजवं मनगट मोडून घेतलं, हे तुला ठाऊकच आहे. सहा आठवडे प्लास्टर. तेव्हापासून स्वयंपाकघर माझ्याकडे, आणि ती दाराशी खुर्ची टाकून सुपरवायझर. तीस वर्षं उद्यमबागेत ओतकामाच्या कारखान्यात मी ज्या आवाजात पोरांना ओरडलो, त्याच आवाजात ती आता मला ओरडते. आमटी जमली, भात जमला, पण भाकरीनं नाक कापलं. अथणीकडचा शाळू जोंधळा होता, पण दळून महिना होऊन गेलेला, आणि वर हा पाऊस. थापायला घेतली की कडा फाटायच्या, उचलायला गेलो की तीन तुकडे. उकड काढून बघितली, तरी तेच. वहिनी म्हणाली, ‘‘पिठाची विरी गेलीय हो, चिकटपणाच उरला नाही. आता ब्रह्मदेव आला तरी भाकरी व्हायची नाही. गवळ्याच्या म्हशीला घाला ते.’’

दोन किलो पीठ म्हशीला घालायचं माझ्या जिवावर आलं. तशात तिकडून इंग्लंडातून तुझ्या सूनबाईनं केलेल्या त्या अ‍ॅपल क्रंबलचा फोटो आला आणि खाली कृती. खरं सांगू, कृती वाचून पहिल्यांदा मला हसूच आलं. खाली सफरचंदाच्या फोडी, वर पीठ, लोणी आणि साखरेचा चुरा, आणि भट्टी. एवढ्याला नाव काय, तर ‘चुरा’! साहेबानं शंकरपाळीचा मोडका माल नाव देऊन विकला, असं मी वहिनीला म्हणालो.

पण प्रमाण वाचलं आणि कान टवकारले. पीठ दोन भाग, लोणी एक, साखर एक, तेही वजनानं. वाटीनं नाही, वजनानं सांगणारी माणसं मला आवडतात. मग लिहिलेलं की लोणी थंडगार घ्या, बोटांच्या टोकांनी पिठात चोळा, मळू नका, पाणी घालू नका. मळलं की मैद्याला चिकटपणा सुटतो आणि चुऱ्याचा गोळा होतो. म्हणजे परशा, ह्या पदार्थाला विरी नकोच आहे! ज्या गुणासाठी आपल्या आयाबाया जोंधळ्याचं पीठ पारखून घेतात, तोच इथं दोष. माझ्या डोक्यात लख्ख पेटलं. डब्यातलं पीठ बाहेर आलं. निम्मा मैदा, निम्मं ते.

आता पहिल्या खेपेची फजिती ऐक. घरचं लोणी घेतलं. तुला घरच्या लोण्याचं केवढं कौतुक, म्हणून मुद्दाम. त्यात ताकाचा अंश राहिलेला, पाणी किती ते देव जाणे. चोळायला लागलो तर दोन मिनिटांत गोळा. त्यात माझे हात तुला माहीतच आहेत, भट्टीपुढं शेकून शेकून कायमचे गरम झालेले. आणि दुसरी अक्कल म्हणजे भांडं. आमच्या कारखान्यात उरलेल्या धातूचा मी एकदा पसरट तवा ओतून घेतला होता, आठवतो? तेवीस वर्षं माळ्यावर होता. म्हटलं, बिडासारखी, ओतीव लोखंडासारखी उष्णता कोण धरणार? फोडींना लिंबू पिळलं, तव्यात पसरल्या, वर तो गोळा तोडून तोडून टाकला. पाऊण तासानं काढलं तर सफरचंद शाईत बुडवल्यासारखं काळंनिळं, आणि जिभेला खिळा चाटल्याची चव. आंबटाला लोखंड लागलं की हे होणारच. जन्मभर बीड ओतलं आणि हे मला सुचू नये! वहिनी एक घास खाऊन म्हणाली, ‘‘रक्त वाढेल.’’ बाकी काही बोलली नाही.

दुसऱ्या खेपेला मात्र शहाणपणानं घेतलं. लोणी दुकानातलं, अमूलचं, पिवळी वडी, फ्रिजमधून काढून लगेच सुरीनं बारीक चौकोन केले. त्यात मीठ असतंच, वेगळं घातलं नाही. शंभर ग्रॅम मैदा, शंभर ग्रॅम जोंधळ्याचं पीठ, शंभर लोणी. साखरेऐवजी गूळ, किसून, ऐंशीच ग्रॅम, कारण आपली सफरचंदं आधीच गोड. मूठभर चंदगडचे काजू जाडसर कुटून. हात बर्फाच्या पाण्यात बुडवून पुसून घेतले आणि चोळायला बसलो.

आणि इथं एक गंमत झाली. पीठ रवाळ दिसायला लागलं तसं माझ्याही नकळत मी त्यातलं मूठभर घेतलं, दाबलं, मूठ उघडली, आणि अंगठ्यानं मोडून बघितलं. आम्ही मोल्डिंगची, म्हणजे साच्याची वाळू अशीच बघायचो. लॅबचा रिपोर्ट यायच्या आधी मिस्त्री मूठ मारून सांगायचा. मुठीत बोटांचे ठसे उमटले पाहिजेत, मोडली की कड स्वच्छ तुटली पाहिजे, आणि हाताला चिकटता कामा नये. ओल तीन-चार टक्क्यांवर गेली की ओतकामात बुडबुडे. पहिल्या खेपेचं माझं लोणी म्हणजे नेमकी तीच ओल. मी हे वहिनीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की बघ, तीस वर्षांची विद्या. ती खुर्चीतूनच म्हणाली, ‘‘त्यात काय? मोहन घातल्यावर मुटका वळतो का बघतात तेच की हे. आमच्याकडं सातवीतल्या पोरीला येतं.’’

घे! तीस वर्षांची विद्या सातवीत जाऊन बसली.

सफरचंदांचं सांगायचं राहिलं. तू लिहितोस ती ब्रॅमली इथं कुठली मिळायला. भाजी मार्केटात आत्ता हिमाचलचा माल आहे, लाल, गोड, थोडा पिठूळ. कॅम्पातल्या एका दुकानात हिरवी परदेशी आंबट सफरचंदं दिसली, पण भाव ऐकून पाया पडून परत आलो. हिमाचलचीच चार घेतली, सोलून बोटाच्या पेराएवढ्या फोडी केल्या, एका लिंबाचा रस, दोन चमचे गूळ, चिमूट दालचिनी. तुझी ब्रॅमली म्हणे शिजली की फुलून लगदा होते. ही होत नाहीत, फोड फोडच राहते. मला ते बरं वाटलं, दाताखाली काहीतरी येतं.

त्या ब्रॅमलीच्या झाडाची तू सांगितलेली गोष्ट माझ्या मनातून जात नाही बघ. १८०९ साली साऊथवेलमध्ये मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या पोरीनं बी लावली. पुढं ते घर ब्रॅमली नावाच्या खाटकानं विकत घेतलं, आणि रोपवाटिकेवाल्याला कलमं देताना अट घातली, की फळाला नाव माझं. झालं, लावली पोरीनं, नाव खाटकाचं. आमच्याकडं काय वेगळं होतं रे? पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा लाकडी नमुना, तासायचा सुतारानं, वाळू ठोकायची आम्ही, आणि ओतीव मालावर उठून दिसणारी अक्षरं गिऱ्हाइकाची. शहाबादकडं पाठवलेल्या एका पंपाच्या कव्हरवर आतल्या बाजूनं मी एकदा बारीक ‘ना’ कोरला होता. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

असो. स्टीलच्या डब्यात फोडी पसरल्या, वर चुरा नुसता भुरभुरला. दाबायचा मोह होतो, पण दाबू नये. खालची वाफ वर यायला वाट लागते. साच्याला आम्ही तारेनं भोकं पाडतो ती उगीच नाही. लेकीनं दिलेला ओटीजी, म्हणजे विजेची छोटी भट्टी, १८० वर आधी पंधरा मिनिटं तापवून घेतला आणि चाळीस मिनिटं लावली.

विसाव्या मिनिटाला वीज गेली! ही आता शहापूरची रोजची पूजा झालीय, त्यावर लिहायला बसलो तर वही भरेल. वहिनी म्हणाली, काढा बाहेर, कच्चं राहिलं. मी म्हटलं, हात लावायचा नाही. भट्टीचं दार बंद असेपर्यंत आतली ऊब कामच करत असते. दहा-बारा मिनिटांनी वीज आली, तेवढी वेळ पुढं धरली. घड्याळापेक्षा कडेकडं बघावं हे मी आता तुझ्या सूनबाईलाही सांगेन. डब्याच्या कडेनं पाकासारखा रस बुडबुडत वर आला आणि चुऱ्याला कुंद्याचा रंग चढला की झालं. कुंद्याचा म्हणजे आपल्या बेळगावच्या, दूध आटवून आटवून येतो तो. तिकडं बसून तुला बरोबर कळेल कुठला रंग.

वास असा सुटला, की भिंतीपलीकडची अक्का तुळशीपाशी येऊन उभी. ‘‘एन्री इदु?’’ म्हणजे हे काय हो? मी म्हटलं, बसा की अक्का, खाऊनच सांगा. तिनं आधी विचारलं, अंडं आहे काय? लिंगायताचं घर, विचारणारच. चुऱ्यात अंडं नाहीच. आणि वर घालायला मी कस्टर्ड केलं होतं पावडरचं, त्यातही नाही. तुझ्या बर्मिंगहॅमच्याच अल्फ्रेड बर्डनं १८३७ साली ती पावडर काढली, कारण त्याच्या बायकोला अंडं चालत नव्हतं. बायकोला कस्टर्ड खाता यावं म्हणून मक्याच्या पिठावर डोकं चालवणारा माणूस मला फार पटला. आणि बघ कुठला कुठं, त्याच्या बायकोच्या पथ्यामुळं माझी शेजारीण जेवली. दोन वाट्या खाल्ल्यान्. ‘‘चलो आगैत्री,’’ म्हणजे छान झालंय, म्हणाली आणि डब्याचा तळ वाकून बघितला.

तू म्हणालास ना, दुसऱ्या महायुद्धात तिकडं १९४० पासून लोणी, साखर रेशनवर गेली आणि ‘पाय’ ह्या तिकडच्या पदार्थाची पारी लाटण्याइतका माल कुणाकडं उरला नाही, तेव्हा हा चुरा घरोघर गेला. ते वाचल्यापासून पहिल्या दिवशीचं माझं हसणं मला जरा लागलंय. मोडका माल नव्हता तो. आमच्या आईनं शिळ्या भाकरीचा कुस्करा करून फोडणीला टाकावा, आणि आपण दोघांनी शाळेतून येऊन त्यावर तुटून पडावं, त्यातलंच हे. तू तर तेव्हा कढईच खरवडायचास.

वहिनीचं मत तुला हवं असणार. तिनं डाव्या हातानं चमचा धरून खाल्लं, गूळ अजून दहा ग्रॅम कमी चालेल म्हणाली, दालचिनीऐवजी वेलदोडा-जायफळ घाला म्हणाली, आणि कस्टर्डपेक्षा बासुंदी बरी म्हणाली. थोडक्यात, सगळंच बदला. पण रात्री फ्रिजचं दार वाजलं ते मी ऐकलंय. गार झाल्यावर चुरा खालच्या रसानं मऊ पडतो, पण तव्यावर नव्हे, परत भट्टीतच दहा मिनिटं ठेवला तर कुरकुरीतपणा येतो, हे मी सकाळी उरलेल्या दोन चमच्यांवर करून बघितलं. दोनच उरले होते.

बुधवारी प्लास्टर काढणार आहेत. काढल्या दिवसापासून स्वयंपाकघर माझं, असं तिनं आत्ताच बजावून ठेवलंय. मी बरीच घासाघीस करून ओटीजी आणि एक फळी पदरात पाडून घेतली. त्या फळीवर ते जोंधळ्याचं पीठ ठेवलंय, अजून दीड किलो आहे. दिवाळीला येतो म्हणालास, नक्की ये. येताना कस्टर्डची पावडर आणू नकोस, इथं मिळते. सूनबाईकडचा तो भट्टीत ठेवायचा थर्मामीटर मात्र आण, ह्या ओटीजीच्या बटणावर माझा काडीचा विश्वास नाही.

तुझा,
नाऱ्या