बेस्टला स्वतःच्या गाड्या घेऊ द्या

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

स.न.वि.वि.

९ मे २०२५ पासून बेस्टचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० झाले, वातानुकूलित गाडीचे ६ वरून १२. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते काम, असे जाऊन-येऊन चार वेळा बस घेणाऱ्याकडे पास नसेल, तर साध्या गाडीतही रोजचे २० रुपये वाढले. २५ दिवसांचे ५००. गाडी आलीच नाही, तर रिक्षाचा मीटर २६ रुपयांपासून सुरू होतो.

तोटा आहे म्हणून भाडे वाढवले, हे आम्हाला कळते. पण गाड्या भाड्याने घेतल्या की तोटा आटोक्यात येईल, असेही आम्हाला सांगितले होते. जून २०१९ मध्ये कामगार संघटनेशी करार करताना ३,३३७ स्वमालकीच्या गाड्या राखण्याचे मान्य झाले. आज त्या काही शेंवर आल्या आहेत.

गाड्या भाड्याने घेण्याच्या या पद्धतीत, म्हणजे वेट लीजमध्ये, गाडी, चालक आणि देखभाल कंत्राटदाराची, आणि पैसे किलोमीटरवर. सायनला किंवा कुर्ल्याला कोंडीत अडकलेली गाडी किलोमीटर काढत नाही. चालकाचा पगार आणि गाडीचा हप्ता मात्र चालूच राहतो. मग काटकसर पगारात होते आणि सुट्या भागांत होते. ऑगस्ट २०२३ चा चालकांचा संप पगारासाठीच होता. 'परवडत नाही' म्हणून २०२२ नंतर काही कंत्राटदार मुदतीआधी निघून गेले, आणि त्यांच्याबरोबर गाड्याही गेल्या. स्वतःची गाडी अशी निघून जात नाही.

आगारात काय होते तेही पाहा. दरवाजाच्या सिलिंडरमधून हवा गळते, दाब भरत नाही, गाडी सुटू शकत नाही. गाडी बेस्टची असेल, तर फिटर सील बदलतो किंवा राखीव गाडी काढून देतो. कंत्राटी गाडीसाठी कंत्राटदाराच्या मेकॅनिकची वाट पाहायची. तोवर सकाळची फेरी रद्द होते, आणि थांब्यावरचे लोक रिक्षाकडे वळतात.

स्वतःच्या गाडीचा प्रति किलोमीटर खर्च जास्त, हा आकडा आपल्यापुढे ठेवला जाईल. पण आगार, कार्यशाळा आणि कायम कर्मचारी यांचा खर्च उरलेल्या थोड्या गाड्यांवर वाटला, की भागाकार फुगणारच. गाड्या वाढल्या की तोच खर्च विभागला जाईल.

खरेदी एकदम करू नका. एकदम घेतलेल्या गाड्या एकदम भंगारात निघतात आणि ताफ्याला खिंडार पडते. गाडीचे आयुष्य १२ वर्षे धरले, तर ३,३३७ चा ताफा टिकवायला दरवर्षी सुमारे २८० गाड्या लागतात. सुरुवातीची वर्षे याहून जास्त घ्याव्या लागतील, कारण गाड्यांची मागची तूट मोठी आहे. हा पैसा अर्थसंकल्पात वेगळ्या भांडवली शीर्षकाखाली ठेवा. तुटीच्या अनुदानात मिसळला, तर तो कर्जफेडीत आणि थकबाकीत जिरतो.

गाड्यांआधी वीज लागेल. १२ मीटरची इलेक्ट्रिक बस किलोमीटरला साधारण १.२ युनिट घेते. दिवसाला २०० किलोमीटर म्हणजे २४० युनिट. १०० गाड्या रात्रीच्या सहा तासांत भरायच्या, तर एका आगाराला ४ मेगावॅट भार लागतो. त्यासाठी ११ केव्हीची जोडणी आणि आगारातच उपकेंद्र हवे. शहर भागात वीज बेस्टचीच आहे. उपनगरांत दुसऱ्या कंपन्यांकडे मागणी नोंदवावी लागेल, आणि ती गाड्यांच्या निविदेआधी नोंदवा. नाहीतर नव्या गाड्या चार्जरविना उभ्या राहतील. बॅटरीची किमान आठ वर्षांची हमी निविदेतच लिहून घ्या.

चालक गाडीमागे अडीच धरा: दोन पाळ्या, साप्ताहिक सुट्टी, रजा. म्हणजे १०० गाड्यांना २५०. भरती आणि प्रशिक्षण गाड्या येण्याआधी सहा महिने सुरू व्हायला हवे. क्लच नसलेली लांब गाडी हातात देण्यापूर्वी तिच्यावरच सराव हवा. डिसेंबर २०२४ मधल्या कुर्ल्याच्या बेस्टच्या इलेक्ट्रिक बसच्या अपघातानंतर तरी यात घाई नको.

एक अडचण दिल्लीतली आहे. इलेक्ट्रिक वाहनांसाठीच्या फेम-२ या केंद्राच्या योजनेचे बस अनुदान आणि केंद्राचीच पीएम ई-बस सेवा योजना, या दोन्हींचा पैसा कंत्राटी पद्धतीशी बांधलेला राहिला. महापालिकेने स्वतः घेतलेल्या गाडीलाही तेच अनुदान मिळावे, असा प्रस्ताव राज्य शासनामार्फत केंद्राकडे पाठवा.

आणि आगारांच्या पुनर्विकासाचे प्रस्ताव तोवर थांबवा. तिथे आधी किती गाड्या उभ्या राहतील, किती चार्जर बसतील आणि फिटरला गाडीखाली उतरून काम करायला किती खड्डे राहतील, याचा नकाशा लोकांपुढे ठेवा.

आपले,
बसने रोज प्रवास करणारे मुंबईकर आणि निवृत्त आगार कर्मचारी