पेपर छापून झाल्यावरची प्रार्थना

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज आला तेव्हा थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरला नऊ तास उरले होते आणि तू विचारलंस काय, तर "काय रे, अजून पेपरच्या आधी देवाशी सौदे करतोस का?" तीनदा उत्तर टाइप केलं, तीनदा खोडलं. मेसेजमध्ये मावणारं नव्हतंच ते. काल शेवटचा पेपर संपला, अकरा तास सलग झोपलो, उठलो आणि आता लिहायला बसलोय. लांबलं तर लांबू दे, तुलाच वाचायचंय.

सौदे आठवून एकटाच खूप हसलो. दर ठरलेले होते ना आपले, इतिहासाच्या पेपरसाठी एक आठवडा टीव्ही बंद, बीजगणितासाठी महिना, आणि भूमितीला तर नुसत्या टीव्हीवर भागायचंच नाही, तिथे धाकट्या बहिणीला रिमोट कायमचा देऊन टाकायचं कबूल करावं लागायचं. आणि तू माझ्या वहीच्या मागच्या पानावर ही सगळी उधारी मांडून ठेवायचास, तारखेसकट. शाळेच्या शेवटच्या वर्षी तू बेरीज करून दाखवलीस, चार वर्षं दोन महिने टीव्ही बघायचा नाही असं निघालं, आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणालास, "हप्ते पाडून घे." हसू येतं, पण एक सांगू, कबूल करताना मी देवाला फसवत नव्हतो रे. त्या क्षणी मनापासून वाटायचं की बास, उद्यापासून आपण वेगळे.

आणि ते निळं पेन. क्लिप तुटलेलं, झाकणाला दातांच्या खुणा. त्याशिवाय मी हॉलमध्ये पाऊल टाकायचो नाही. एकदा तू विचारलंस, "रिफिल तर तू दर महिन्याला बदलतोस, मग नशीब नक्की कुठल्या भागात आहे, झाकणात का?" त्याचं उत्तर मला आजपर्यंत सापडलेलं नाही.

मग तू सायकॉलॉजीला गेलास आणि पहिल्याच सेमिस्टरला मला कबुतरांवर व्हॉइस नोट पाठवलीस, चांगली साडेसहा मिनिटांची. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा 1948 चा प्रयोग. भुकेली कबुतरं पिंजऱ्यात ठेवायची, ती काहीही करोत, ठराविक वेळाने दाणे आपोआप पुढे येणार. तर आठातल्या सहा कबुतरांनी आपापली रीत बसवली, एक गोल गोल फिरायला लागलं, एक वरच्या कोपऱ्यात सारखं डोकं खुपसायला लागलं, कारण आधी कधीतरी दाणे आले तेव्हा ती नेमकं तेच करत होती. आणि शेवटी दोन सेकंद थांबून तू म्हणालास, "तुझं निळं पेन." दोन दिवस बोललो नाही मी तुझ्याशी! पण पेनापुरतं तुझं बरोबर होतं, ते मी आता लेखी देतो.

प्रार्थनेचं मात्र तसं नाही, निदान सगळंच तसं नाही. तुला उत्तर द्यायचं म्हणून मी पण शोधाशोध केली तेव्हा मालिनोव्स्की सापडला. हा मानववंशशास्त्रज्ञ, पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर जाऊन राहिला होता. त्याने लिहिलंय की तिथले लोक किनाऱ्याजवळच्या शांत, आतल्या पाण्यात मासे धरायला जायचे तेव्हा मंत्रबिंत्र काही नाही, कारण तिथे मासे हमखास मिळायचे आणि जिवाला धोका नव्हता, पण खुल्या समुद्रात जायचं असलं की सगळे विधी अगदी साग्रसंगीत. म्हणजे त्यांना नीट माहीत होतं की आपल्या हातात काय आहे आणि काय नाही. होडी बांधणं, जाळं विणणं ते देवावर सोडत नव्हते, ते स्वतःच उत्तम करायचे. हे वाचलं आणि मला एकदम आपली ती वही आठवली. इतिहास स्वस्त, भूमिती महाग! इतिहास म्हणजे माझं किनाऱ्याजवळचं पाणी आणि भूमिती म्हणजे भर समुद्र. तू लिहून ठेवलेली ती उधारी म्हणजे मला कशाची किती भीती वाटते याचा पक्का हिशोब होता, आणि तो तुझ्या अक्षरात आहे, ती वही मी टाकलेली नाही.

एक प्रश्न मात्र तू जिन्यात विचारला होतास तो जास्त अवघड होता. मी पेपरच्या अर्धा तास आधी "पेपर सोपा येऊ दे" म्हणत होतो आणि तू म्हणालास, "अरे पेपर छापून, सील होऊन कपाटात पडलाय, आता देवाने काय करायचं, रात्री प्रेसमध्ये जाऊन आलेला असायला हवा तो." मी म्हणालो, हो, कारण मी आज प्रार्थना करणार हे त्याला आधीच ठाऊक होतं. तू मिनिटभर गप्प, मला वाटलं जिंकलो, आणि मग तू म्हणालास, "मग तू अभ्यास करणार नाहीस हे पण त्याला आधीच ठाऊक असणार." तेवढ्यात घंटा झाली म्हणून वाचलो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

पहिल्या वर्षाचा निकाल. आपण दोघं एकाच मोबाइलवर डोकं खुपसून उभे होतो. माझं गणित दोन मार्कांनी सुटलं आणि मी मोठ्याने म्हणालो, "देवाने वाचवलं रे!" मग तुझा नंबर टाकला. तुझं राहिलं होतं. तू काही बोलला नाहीस, माझ्या पाठीवर थाप मारलीस आणि म्हणालास, "चल, घरी सांग आधी, वाट बघत असतील." तुझी आजी रोज पहाटे उठून तुझं नाव घ्यायची हे मला माहीत होतं. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ, कितीतरी जास्त मनापासून, आणि कुठल्याही सौद्याशिवाय. मला देवाने वाचवलं असेल तर तुझ्या बाबतीत त्याने काय केलं? हा प्रश्न मला त्या रात्री पडला आणि पुढचे कित्येक महिने मी प्रार्थनाच करू शकलो नाही. तुला वाटलं मी तुझं ऐकून नास्तिक झालो. तसं नव्हतं, देवाचा राग पण नव्हता आला. ते वाक्य मी तुझ्यासमोर बोललो याची लाज वाटत होती. चार वर्षांत तुला कधी सॉरी म्हणालो नाही. आज म्हणतो. सॉरी रे.

त्याच काळात मी रामानुजनवर वाचत होतो. 1906 आणि 1907, दोन्ही वर्षी एफ.ए.च्या, म्हणजे तेव्हाच्या कॉलेजच्या पहिल्या मोठ्या परीक्षेत नापास, कारण गणित सोडून बाकी विषयांकडे त्याचं लक्षच जायचं नाही, त्याआधी स्कॉलरशिपही याच कारणाने गेलेली. पुढचं तुला माहीत आहे, 1913 मध्ये केंब्रिजच्या हार्डी या गणितज्ञाला पत्र आणि 1918 मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो. पण मी हे "नापास झालास तरी काय झालं, बघ रामानुजन" या चालीवर सांगत नाहीये, ते तुला वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाने ऐकवलं आणि प्रत्येक वेळी तुझा चेहरा मी बघितलाय. मला दुसरंच लागलं त्यात. हा माणूस आपल्या कुलदेवीला, नामगिरीला मानायचा, सूत्रं ती स्वप्नात येऊन देते म्हणायचा. आणि तीच देवी परीक्षेत काही मदत करत नाही, एकदा नाही, दोनदा! आपण असतो तर वही काढून हिशोब मागितला असता. त्याची श्रद्धा तशीच राहिली. तिच्यात मार्कांचा रकानाच नसावा असं मला वाटतं, आणि तिथून मला हळूहळू परत हात जोडता यायला लागले.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, सौदे बंद. अभ्यासाचं तू सांगितलेलंच करतो, पुस्तक मिटून आठवेल ते कागदावर लिहायचं, तो 2006 चा रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग तूच पाठवला होतास ना, पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे असतात पण आठवड्याने आठवून बघणारे पुढे जातात. ते माझं जाळं विणणं. आणि मग हॉलमध्ये पहिल्या रांगेपासून पेपर वाटत येतात तेव्हा माझ्या बाकापर्यंत यायला जी दोन मिनिटं लागतात तेवढी माझी प्रार्थना. डोळे मिटतो आणि नुसतं "आलोय" म्हणतो. सोपा येऊ दे नाही, पास होऊ दे नाही. थर्मोला एंट्रॉपीचा प्रश्न बघून पाच मिनिटं काहीच सुचेना, छाती धडधडत होती, पण पूर्वीसारखं एकटं नाही वाटलं. मग हळूहळू सुचलं. तुझे प्रोफेसर याला श्वास संथ होणं वगैरे म्हणतील. म्हणू देत, असेल तेही.

एक मागणं मात्र अजून मागतो, खोटं कशाला सांगू. निकालाच्या दिवशी शेजारी कोण उभं आहे ते मला दिसू दे.

तुझी फायनल सोमवारी, सकाळी ना? आजीला माझा नमस्कार सांग, आणि यावेळी तिच्या यादीत माझंही नाव घालायला सांग, माझा निकाल पण त्याच आठवड्यात आहे. पत्रासोबत निळं पेन पाठवतोय. निळी रिफिल संपली होती म्हणून काळी टाकलीय, तुमच्याकडे काळी चालते का ते आधी विचारून घे, आणि झाकण हरवू नकोस.

तुझाच,
मागच्या बाकावरचा