खुले पत्र: आमच्या तालुक्यांचा इतिहास आमच्या वाचनालयांत येऊ द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स.न.वि.वि.

रामोशी, कैकाडी, पारधी, देवदासी, धरणग्रस्त यांच्या इतिहासावर आणि आठवणींवर कसून संशोधन केलेली नवी पुस्तके येत आहेत. सातारा-सांगलीतल्या वाचनालयांत मात्र ती क्वचितच पोचतात. वाचक नाहीत, हे कारण आम्हाला मान्य नाही. घोडे हिशेबापाशी अडते. सरकारी अनुदान ज्यावर ठरते तो वाचनालयाचा वर्ग (अ, ब, क, ड) देताना ग्रंथसंख्या मोजली जाते. तळटीपा-नकाशांसह छापलेले पुस्तक 1,200 रुपयांचे असेल, तर तेवढ्यात दीडशेच्या आठ कादंबऱ्या येतात, वर सवलतही जास्त मिळते. मार्चअखेर तोंडावर असताना ग्रंथपालाने आठ सोडून एक का घ्यावे?

घेतलेच, तरी पुस्तक वाचनालयातच हरवते. हे दुखणे जुने आहे. काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा, 1871 पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला, पण शीर्षकात ‘गुन्हेगार जमाती’ दिसले की घाईघाईत पुस्तकाला ड्युई दशांश वर्गीकरणातला 364, म्हणजे गुन्हेशास्त्राचा वर्गांक पडतो. त्याची जागा 305 मध्ये, सामाजिक गटांत आहे, किंवा 954 मध्ये, भारताच्या इतिहासात. रामोशी समाजातल्या मुलीला पणजोबांचा इतिहास चोऱ्या-दरोड्यांच्या फळीवर शोधावा लागावा, हे आम्हाला सहन होत नाही.

प्रतिसरकारवरच्या, म्हणजे ब्रिटिशांविरुद्धच्या समांतर सरकारवरच्या पुस्तकांचेही तसेच. 1943 ते 1946 या काळात कुंडल, येडेमच्छिंद्र ही गावे सातारा जिल्ह्यात होती. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचे नाव सांगली झाले. साहजिकच पुस्तकांच्या शीर्षकात ‘सातारा’ असते, आणि संगणकावर ‘सांगली’ टाकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. नोंद करतानाच पुस्तकामागची सूची उघडावी. गावे, जमाती आणि माणसांची नावे मार्क (MARC) या संगणकीय ग्रंथनोंदीच्या पद्धतीतल्या 653 या रकान्यात भरावीत, प्रकरणांची शीर्षके 505 मध्ये. जुना आणि नवा, दोन्ही जिल्हे लिहावेत. पुस्तक इंग्रजी असेल तर नावे देवनागरीतही द्यावीत, कारण शोधणारा मराठीतच शोधतो. सूची नसलेल्या पुस्तकाला वेळ जास्त लागतो, पण काम टाळू नये.

साताऱ्याचे 11 आणि सांगलीचे 10, असे 21 तालुके. प्रत्येकी एक प्रत, वर्षाला दहा पुस्तके, सरासरी 1,200 रुपये धरले तरी खर्च 2,52,000 रुपये. एवढी रक्कम नेहमीच्या ग्रंथखरेदीतून वेगळी काढावी, तिला किमान सवलतीची अट लावू नये आणि वर्गवारीत अशा एका पुस्तकाला जास्त वजन द्यावे. निवड विक्रेत्याच्या यादीवरून नको. मूळ कागद कोणत्या दप्तरातले आणि मुलाखती सांगणाऱ्याच्या संमतीने घेतल्या का, हे तपासणारी समिती हवी. तिच्यात त्या त्या समाजातले अभ्यासक असावेत.

कृष्णाकाठच्या वाचनालयांत ही पुस्तके वरच्या मजल्यावर ठेवण्याची सक्ती करावी. 2019 च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेले होते. भिजलेल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरते.

येत्या खरेदीपूर्वी ग्रंथालय संचालनालयाला तसे लेखी आदेश द्यावेत, ही विनंती.

कळावे,
सातारा-सांगलीतील ग्रंथालय कार्यकर्ते व इतिहासाचे शिक्षक