जमिनीखालचा नकाशा सोलापूरकरांना दाखवा

महोदय,
सोलापूरची तहान मुख्यतः शंभरेक किलोमीटरवरील उजनी धरणाच्या पाण्यावर भागते आणि तरीही अनेक भागांत नळाला काही दिवसांआड पाणी येते. अशा शहरात जलवाहिन्यांची गळती शोधणे हे अभियांत्रिकीचे पहिले काम ठरते. त्यासाठीचे डिजिटल तंत्र उपलब्ध आहे. वाहिनीवर दोन ठिकाणी संवेदक बसवले की गळतीचा आवाज दोन्हींकडे किती वेळाच्या फरकाने पोहोचतो, यावरून रस्ता न खोदता गळतीची जागा काढता येते. भूवेधी रडार रेडिओ लहरींच्या साहाय्याने पुरलेल्या वाहिनीची जागा व खोली टिपते आणि ती माहिती त्रिमितीय नकाशावर चढवता येते. आमच्या गल्लीत केबलसाठी चर खणताना जलवाहिनी फुटली, तेव्हा मुकादम खडूने रस्त्यावर अंदाजाची रेघ ओढत होता. 2016 साली स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या यादीत आलेल्या शहराला हे शोभत नाही.

संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेनिमित्त होम मैदानावर सारे शहर लोटते. तेथे ही उपकरणे प्रत्यक्ष चालवून दाखवावीत, एखाद्या पेठेचा खराखुरा नकाशा पडद्यावर मांडावा आणि त्यातील चुका तेथील जुन्या रहिवाशांकडूनच दुरुस्त करून घ्याव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सोलापूर