'कऱ्हाड'मधला अर्धा र आणि तुमचं लिनक्स

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल आपल्या पुरवणीत कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून त्याजागी लिनक्स ही दुसरी प्रणाली घेण्याचा सल्ला वाचला. एका दुपारचं काम आहे, म्हणे. दुपार कुठल्या महिन्यातली, तेवढं लेखकमहाशयांनी लिहायला हवं होतं. माझी दुपार वसुबारसेला सुरू झाली, ती तुळशीचं लग्न लागून गेलं तरी मावळली नव्हती.

मी साताऱ्यात १९९७ पासून डीटीपीचं दुकान चालवतो. लग्नपत्रिका, बिलबुकं, दशक्रियेची कार्डं, जाहीर नोटिसा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. नव्या ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा असेल तर आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. माझा सहाव्या पिढीचा. ठणठणीत मशीन भंगारात घालवेना. भाचा सुट्टीला आला होता. "मामा, लिनक्समधलं मिंट टाकू, व्हायरसची कटकटच नाही," म्हणाला आणि सगळं पुसून टाकलंही. खोटं कशाला बोलू, मशीन पळायला लागलं. पूर्वी बटण दाबून चहा सांगायचो, आता चहाच्या आधी स्क्रीन येतो. लिनक्सवर माझा राग नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर तुमचे तरुण वाचक अंगावर येतील.

घोडं अडलं ते अक्षरापाशी. तुमच्या लेखात वर्डऐवजी लिबरऑफिस, फोटोशॉपऐवजी गिम्प असं सगळं आलं. मराठीचं काय, यावर एक ओळ नाही. आम्ही वर्षानुवर्षं ज्या फॉन्टांत काम केलं, त्यांत 'क' हा क नसतोच. फाइलच्या पोटात एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं आणि फॉन्ट त्याच्या अंगावर क चं सोंग चढवतो. फॉन्ट गेला की सोंग उतरलं! 'आमचे येथे श्रीकृपेकरून' उघडावं तर समोर नुसती चिन्हांची भेळ. फॉन्ट कॉपी केल्यावर अक्षरं आली, पण ओळी सरकल्या आणि मुलीकडची मंडळी मुलाकडच्या रकान्यात जाऊन बसली. तरी ते निस्तरता येतं. नवीन मजकूर कसा टाइप करायचा? त्या फॉन्टाचा कीबोर्ड चालवणारा प्रोग्रॅम फक्त विंडोजचा आणि तो चालायला कॉम्प्युटरच्या मागे लॉक नावाची खुंटी लावावी लागते. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन नावाच्या सोयीने तो उघडला, पण लॉक काही ओळखेना. दोन पत्रिकांची गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात गेली. मुहूर्त माझ्या फॉन्टासाठी थोडाच थांबतो!

मग मी हट्टाने युनिकोड धरलं, ज्यात फाइलच्या पोटातही क हा क च असतो. १९८९ साली मराठी टंकलेखनाची परीक्षा दिलेली ही बोटं, त्यांना आता इनस्क्रिप्ट हा वेगळा कीबोर्ड शिकवायचा. पंधरा दिवस 'म' ऐवजी भलतंच उमटायचं. पण जमलं. शिफ्ट धरून जे, मग हलन्त, मग ह, आणि 'ऱ्ह' असा झोकात बसला की भाच्याला फोन करून सांगितलं. कऱ्हाडच्या माणसाला विचारा या अर्ध्या र ची किंमत.

आणि इथे संपादकमहोदय, आपला संबंध येतो. कऱ्हाडच्याच एका गिऱ्हाइकाची पुण्यस्मरणाची जाहिरात तुमच्याकडे द्यायची होती. मी फोटोसकट नेटकी पीडीएफ करून पाठवली. तुमच्या जाहिरात विभागातून फोन आला, "पीडीएफ नको, कोरलची फाइल द्या. जुन्या व्हर्जनमध्ये. आणि फॉन्ट आमचाच वापरा." मी म्हटलं, कोरल हा जाहिराती मांडायचा प्रोग्रॅम आता लिनक्सवर येत नाही. २००० साली एकदा काढलं होतं, ते टिकलं नाही. पलीकडचा मुलगा समजूतदार होता. "मग काका, नुसता मजकूर पाठवा, आम्ही आमच्या फॉन्टात कन्व्हर्ट करतो." त्यांनी केला कन्व्हर्ट. त्या कन्व्हर्टरला बहुधा र आणि ऱ यांतला फरक ठाऊक नसावा. अर्धा र उठला आणि रफार होऊन ह च्या डोक्यावर जाऊन बसला. 'मु. पो. कर्हाड.' चौकोनात, ठळक अक्षरांत, कैलासवासी माणसाच्या फोटोखाली. गिऱ्हाईक अंक घेऊन दुकानात उभं. "अहो, स्वतःच्या जिल्ह्यातलं गाव लिहिता येईना होय तुम्हाला?" मी काय सांगणार? पैसे परत केले. तुमचं बिल मात्र पूर्ण आलं.

लेखात केरळच्या शाळांचा दाखला आहे. तो खरा आहे, तिथे वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकवतात. पण तिथे शिक्षकांपासून सगळ्यांना बरोबर घेऊन बदल केला. इथे मी एकट्याने केला, आणि माझी फाइल जिथे जिथे जाते ते सगळे जुन्या जागीच. प्रेसवाला तिथेच, तुम्ही तिथेच. आपल्या लेखकाने हा लेख लिहिण्याआधी एक जिना उतरून जाहिरात विभागात विचारायला हवं होतं, तुम्ही युनिकोड घेता का म्हणून.

हल्ली भाच्याने हार्डडिस्कच्या एका कोपऱ्यात पुन्हा विंडोज १० बसवून दिलंय. इंटरनेटची वायर काढून ते चालू करतो, तेही तुमच्या जाहिरातींपुरतं. फाइल पेनड्राइव्हवर घेऊन तुमच्या कचेरीत स्वतः येतो. तिथे गाडी लावायला जागा नाही, तो वेगळा विषय. मात्र रविवारच्या शब्दकोड्याची उत्तरं मंगळवारी छापता, त्यातही जोडाक्षरं फुटलेली असतात, तीही याच कन्व्हर्टरची कृपा की काय, एकदा तपासून घ्या.

जाहिरातीच्या चुकीबद्दल आपण तिसऱ्या दिवशी दोन ओळींचा खुलासा छापलात, त्याबद्दल आभारी आहे. त्या खुलाशातही 'कर्हाड'च आहे. हे पत्र लिनक्सवर युनिकोडमध्ये टाइप करून ई-मेलने पाठवतोय. शीर्षकातच गावाचं नाव आहे, छापण्याआधी एकदा डोळ्यांनी वाचावं ही विनंती.

आपला,
एक डीटीपीवाला
शनिवार पेठ, सातारा