बाबा, ती पिशवी परत करू नका

ती. आई आणि बाबा,
सा. न.

हे सगळं मी फोनवर बोलायला गेले की बाबा विषय बदलतात, आणि आई "तू जेवलीस का?" विचारून मोकळी होते. म्हणून पत्र लिहिते आहे. दोघं एकत्र बसा आणि आई, तू मोठ्यानं वाच.

शेजारच्या काकूंनी त्यांच्या भावाच्या मळ्यातून आणलेली भाजीची पिशवी बाबांनी दारातूनच परत पाठवली, हे मला काकूंकडून कळलं. त्यांनी तक्रार केली नाही. "तुझे बाबा म्हणाले, आम्हाला गरज नाही, एखाद्या गरजूला द्या," एवढंच म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र पडला होता.

मागच्या खेपेला आले तेव्हा मी फ्रिज उघडून पाहिला होता, आई, आणि ते तुला आवडलं नव्हतं. आत दोन वाट्या होत्या, एकीत परवाची भाजी. "दोघांना लागतं तरी किती?" असं म्हणून तू दार लावून घेतलंस. तुझे गुडघे जिना उतरू देत नाहीत, बाबांना ओझं उचलायला डॉक्टरांची मनाई आहे. पेन्शन वेळेवर येते, तरी तुमच्या ताटात आठवडा आठवडा हिरवं पान दिसत नाही. बाबा, याला काय म्हणायचं? १९९६ साली रोमला जागतिक अन्न परिषद भरली होती. तिथे अन्नसुरक्षेची जी व्याख्या ठरली, तिच्यात माणसाला पुरेसं आणि पोषक अन्न आर्थिकदृष्ट्या परवडलं पाहिजे असं आहेच, आणि ते त्याच्या शरीराच्या आवाक्यातही असलं पाहिजे, असंही आहे. मी ते वाचलं तेव्हा मला तुमचा जिना आठवला.

गेल्या वर्षापासून रविवारी पहाटे मी शेतांवर जाते, हे तुम्हाला माहीत आहे. तिथे काय करते ते मात्र मी कधी नीट सांगितलं नाही. आम्ही शेजारीपाजारी मिळून जवळच्या शेतांवर उरलेला माल काढतो आणि ज्या घरांत चुलीची चिंता आहे तिथे दुपारच्या आत पोचवतो. ऊन चढलं की पालेभाजी मान टाकते, म्हणून अंधारातच निघायचं. मालक ओळी दाखवतो, आम्ही खुडतो, जुड्या बांधतो, सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवतो.

सुरुवातीला मलाही वाटायचं की शेतकरी दयेपोटी देतो. तसं नसतं. व्यापाऱ्याला एका मापाची, सरळ, डाग नसलेली भाजी लागते. वाकडी काकडी चवीला तीच असते, पण ती बाजूला पडते. भाव इतका पडला की तोडणीची मजुरी आणि गाडीभाडंही सुटणार नाही, तर तोडणं म्हणजे घरातून पैसे घालणं. मग उभ्या पिकात नांगर फिरतो. वेल काही आपल्या सोयीनं धरत नाहीत, आठ दिवसांत सगळं एकदम येतं आणि त्या आठ दिवसांत ते कुणाच्या तरी पोटात गेलं नाही तर मातीत जातं. काकूंचा भाऊ "खूप झालंय, वाया जाईल" म्हणतो ते अक्षरशः खरं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा हिशेब सांगतो की २०२२ साली जगभरात दुकानांत, उपाहारगृहांत आणि घरांत मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यात साठ टक्के वाटा घरांचा होता. शेतात आणि वाटेत जे नासतं ते या आकड्यात धरलेलंच नाही.

आजी सरवा वेचण्याबद्दल सांगायची, आठवतं? कापणी झाल्यावर पडलेली कणसं वेचायला येणाऱ्याला कुणी अडवायचं नाही. प्राचीन ज्यू धर्मशास्त्रात तर स्पष्ट आज्ञाच आहे की शेताच्या कडेचं पीक कापू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडा. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. वेचणारा कुणाच्या दारात उभा राहत नव्हता. तो शेतात यायचा, स्वतःच्या हातानं वेचायचा आणि घरी जायचा.

आता जे लिहायचं ते लिहायला मला जड जातंय. घरं निवडताना आम्ही आठ प्रश्न वापरतो. जगभर अन्नाची असुरक्षितता मोजायला संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना तेच प्रश्न विचारते. गेल्या बारा महिन्यांत पैशाअभावी किंवा साधनांअभावी असं कधी झालं का, म्हणून एकेक विचारायचं. पहिला प्रश्न भुकेचा नाही, काळजीचा आहे: अन्न पुरेल की नाही, अशी धास्ती वाटली का? मग पोषक खाणं जमलं नाही असं झालं का, तेच ते खावं लागलं का, एखादं जेवण टाळलं का, हवं त्यापेक्षा कमी खाल्लं का. पुढे घरातलं अन्न संपलं का, भूक असून खाल्लं नाही असं झालं का, आणि शेवटी, आख्खा दिवस उपाशी गेला का.

ते मोठ्यानं वाचायचा सराव करताना पाचव्या प्रश्नाशी माझा आवाज बसला. बाबांचा कारखाना बंद झाला ते वर्ष डोळ्यांसमोर आलं. तू आम्हाला वाढायचीस आणि स्वतः ओट्याशी उभी राहून म्हणायचीस, "माझं झालंय मघाशी." मी आठ-नऊ वर्षांची होते. मला खरं वाटायचं. आई, त्या वर्षी तुझं कितीदा खरोखर झालं होतं? या प्रश्नाचं उत्तर मला हवं आहे. येईन तेव्हा सांग.

त्या वर्षी बाजार काही रिकामा नव्हता. भाजीचे ढीग होते, आपल्याकडे पगार नव्हता. अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून १९८१ साली हेच मांडलं: धान्य मुबलक असलं तरी ते मिळवण्याची ऐपत गेली की माणसं मरतात. म्हणून शेजाऱ्याची पिशवी पगाराच्या किंवा सरकारी धान्याच्या जागी पुरेल, असं मी कधीच म्हणणार नाही. ती पुरत नाही. पण समोरच्या घरातल्या काकांनी त्या वर्षी दर दोन दिवसांनी परसातल्या शेंगा आणून दिल्या, दर वेळी "आमच्याकडे कुणी खात नाही" म्हणत. ते काका गेले, त्याला किती वर्षं झाली, तरी बाबा त्यांचं नाव काढलं की गप्प होतात. बाबा, मला वाटतं ते घेणं तुमच्या मनात अजून उधारीच्या वहीत लिहिलेलं आहे.

तुम्ही आयुष्यभर हिशेब लिहिले, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. पहिली अन्नपेढी १९६७ साली अमेरिकेत फीनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल या गृहस्थांनी सुरू केली. दुकानामागे टाकून दिलेल्या मालातून पोरांसाठी खाणं शोधणारी एक आई त्यांना भेटली होती. तिच्याशी बोलताना ही कल्पना निघाली: ज्याच्याकडे जास्त आहे त्यानं ठेवायचं, ज्याला लागेल त्यानं काढायचं, बँकेसारखं. तुम्ही त्या काकांकडून घेतलंत आणि पुढे तीस वर्षं किती घरांत गुपचूप धान्य पोचवलंत, ते मला आईनं सांगितलंय. तुमच्या खात्यात शिल्लक आहे, बाबा. आता काढायची वेळ आली आहे, तर खातं बंद असल्यासारखं का वागता?

आमच्याकडे एक पद्धत आहे, ती तुम्हाला पटेल. हंगामाच्या सुरुवातीला जमेल त्यानं शेतकऱ्याला आगाऊ पैसे द्यायचे, म्हणजे बियाण्याला आणि मजुरीला त्याला कर्ज काढावं लागत नाही. जपानात १९७० च्या दशकापासून शेतकरी आणि खाणारी कुटुंबं अशी थेट जोडली जातात, तिथे त्याला तेइकेई म्हणतात, म्हणजे जोडीनं काम करणं. कुणी थोडे जास्त भरतो, कुणी काहीच भरू शकत नाही, आणि टोपली सगळ्यांना सारखीच मिळते. कुणी किती भरलं ते टोपली नेणाऱ्यालाही ठाऊक नसतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण शेतकऱ्याच्या चांगुलपणावर सगळा भार टाकणं अन्यायाचं आहे. जगातल्या भुकेल्यांत शेतात राबणारी कुटुंबंही पुष्कळ आहेत. काकूंच्या भावाशी मी बोलले आहे. पुढच्या हंगामाचे आपले पैसे मी त्याला पाठवले आहेत, आणि ज्यांना भरता येत नाही अशा एका घराचेही. तेव्हा येणारी पिशवी तुमच्या वाट्याची आहे.

आणि बाबा, "गरजूंना द्या" म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर कोण असतं? २०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी माणसं उपाशी होती, पण ज्यांना पुरेसं अन्न खात्रीनं मिळत नव्हतं अशी माणसं सुमारे २३० कोटी होती. त्यांतली बरीचशी दिसायला आपल्यासारखीच असतात. कपडे धुतलेले, दार पुसलेलं. मी ज्या घरांत टोपली नेते, तिथे एक आजोबा पहिले तीन आठवडे दार उघडायचे नाहीत. आता ते जुड्या निवडून द्यायला येतात. त्यांना खाली बसता येत नाही, म्हणून उंच स्टुलावर बसतात.

तसं काही तुम्हालाही करता येईल. काकूही तिकडे भावाच्या मळ्यातली भाजी घरोघर पोचवतात, पण किती घरं, किती टोपल्या, कुणाकडे कोण जाणार, याची वही त्यांच्याकडे कुणीच नीट ठेवत नाही. त्या फार वैतागल्या आहेत. मी तुमचं नाव सांगितलेलं नाही, तुम्हीच त्यांना विचारा.

काकू शनिवारी सकाळी येतील. जिना त्याच चढतील, तुम्ही फक्त दार उघडा.

तुमची लेक

ता. क. आई, पालेभाजी आली की आधी धुऊ नकोस. निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेव, आणि खायच्या वेळी धू. तीन-चार दिवस सहज टिकते.